आतली खुर्ची

आमच्या नातवाच्या आठव्या वाढदिवसाला त्याच्या मामानं, म्हणजे आमच्याच चिरंजीवांनी, एक डबा भेट दिला. डब्यावर ढग फाडत निघालेल्या तांबड्याभडक विमानाचं चित्र होतं. नातवानं हर्षभरानं डबा उघडला तर आतून प्लॅस्टिकच्या राखी चौकटी निघाल्या. त्यांना चिंचा लगडाव्यात तसे बारीकबारीक भाग लगडलेले. विमान कुठंच नव्हतं.

"हे आपण जोडायचं असतं," चिरंजीव म्हणाले.

"जोडलं की उडतं?"

"नाही."

"चालतं तरी?"

"नाही."

"मग काय करतं?"

"कपाटात ठेवून बघायचं."

नातवानं मामाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी त्यापूर्वी फक्त आमच्या हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर पाहिली होती, आणि तीही माझा रजेचा अर्ज वाचताना. डबा अर्थातच माझ्याकडे आला. घरात कुणालाही नको असलेली वस्तू शेवटी निवृत्त माणसाकडे येते, असा आपल्याकडे रिवाज आहे. याच मार्गानं माझ्याकडे दोन रेडिओ, एक टाइपरायटर आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद आलेलं आहे.

तर असा मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी या छंदात पडलो. पडलो हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. पोहायला शिकताना माणूस विहिरीत पडतो, तसा.

पहिला आठवडा वाचण्यात गेला. डब्यावर १:७२ असं छापलेलं होतं. म्हणजे खरी वस्तू बहात्तरपट लहान करायची. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, तेव्हा सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हा हिशेब मला भलताच आवडला. मी सगळ्यालाच बहात्तरनं भागत सुटलो. आमचा ६५० चौरस फुटांचा फ्लॅट या मापानं एका पोस्टकार्डावर मावतो. त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र बँकेनं मूळ आकारातच वसूल केलं.

माझं या क्षेत्रातलं पूर्वीचं शिक्षण म्हणजे दिवाळीतला किल्ला. त्याला माप नव्हतं. शिवाजी महाराज महादरवाजापेक्षा दुप्पट उंच, मावळ्याच्या शेजारी मावळ्याएवढाच वाघ, आणि मोहरी पेरून उगवलेल्या जंगलातून एक मोटारगाडी. तिथं प्रत्येकाचा आकार त्याच्या मानाप्रमाणे ठरायचा. महाराजांना बहात्तरनं भागायची छाती आमच्या आळीत कुणाची होती? या नव्या छंदात मात्र मानपान नाही. सेनापती असो की फिटर, सगळे भागिले बहात्तर.

जसजसा वाचू लागलो तसतशी एकेक नवलाची गोष्ट कळू लागली. एअरफिक्स ही इंग्रजी कंपनी १९३९ साली हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या गृहस्थांनी काढली, ती मुळी हवेनं फुगवायची रबरी खेळणी करायला. मग त्यांनी फण्या केल्या. १९५२ साली 'गोल्डन हाइंड' नावाचं छोटं गलबत काढलं, ते वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळे, आणि तिथून गाडी विमानांवर आली. जपानच्या तामिया कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा. त्यांनी पँथर रणगाडा करायला घेतला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जे माप आलं ते १:३५. आज जगभरचे प्लॅस्टिकचे रणगाडे त्या बॅटऱ्यांच्या मापानं बनतात. हीच कंपनी पुढं १९७६ साली पोर्श मोटारीचं मॉडेल काढणार होती. त्यासाठी त्यांनी खरी पोर्श विकत घेतली आणि आत काय आहे ते बघायला सगळी सोडवली. परत जोडण्यासाठी मात्र पोर्शच्या माणसाला बोलवावं लागलं. हे वाचून मला फार धीर आला. लहानपणी मी वडिलांचं गजराचं घड्याळ असंच सोडवलं होतं, फक्त तेव्हा बोलवायला कुणी नव्हतं.

पंधरा दिवस खपून मी विमान उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, टेबलावर ठेवलं. ठेवताक्षणी त्यानं नाक आकाशाकडे केलं आणि ते शेपटीवर बसलं. शेजारच्या माणसानं भाषणात डुलकी काढल्यावर खुर्ची मागं कलते, अगदी तसं. पुन्हा सूचनापत्रक काढलं. चौथ्या पायरीत स्पष्ट लिहिलं होतं : धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन भरा. मी ते वाचलं होतं. पण म्हटलं, आत काय भरलंय ते कोण बघतंय?

शेपटीवर बसलेलं ते विमान घेऊन मी शेजारच्या नानांकडे गेलो. नाना वायुदलात फिटर होते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांच्या वेळी ते नोकरीत होते, आणि त्यातली पुष्कळ वर्षं अंबाल्याला. आता ऐंशीला टेकलेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना पूर्वीपेक्षा जास्त दिसायला लागलंय, त्याचा त्रास सोसायटीच्या कमिटीला होतो.

त्यांनी विमान हातात घेतलं, फिरवलं, आणि माझ्या शेपटीच्या भानगडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"नॅट आहे," ते म्हणाले. "पण आपलं नव्हे. हे दोघांचं. मागं मास्तर बसतो. आपलं एकट्याचं होतं."

मग त्या दिवशी चहा दोनदा झाला. लढाऊ विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली म्हणून टेडी पेटर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे चिमुकलं विमान केलं. लांबी नऊ मीटर, पंख टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटर. त्याच्या देशाच्या वायुदलानं एकट्याचं घेतलंच नाही, शिकवणीचं दोघांचं तेवढं घेतलं. एकट्याचं घेतलं आपण, आणि बंगलोरला बनवलंही. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून निर्मलजितसिंग सेखों ज्यात बसून वर गेले ते हेच. वायुदलाला मिळालेलं एकुलतं एक परमवीरचक्र त्यांचं. हे सांगून नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शिडी लागत नसे रे. जमिनीवर उभं राहून सगळीकडे हात पोचायचा. फिटरची सोय बघून केलेलं विमान मी दुसरं पाहिलं नाही."

त्याच संध्याकाळी मी ठरवून टाकलं. चार महिन्यांनी नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. शालीऐवजी त्यांना एकट्याचं नॅट द्यायचं.

ते मिळवण्याच्या खटपटीत मला या छंदाची दुसरी बाजू लागली. तिला संग्रह म्हणतात. एका चेक कंपनीचं एकआसनी नॅट मिळालं, पण ते मागवताना पाठवणावळ तेवढीच पडते म्हणून मी आणखी दोन डबे मागवले. पुढं सवलत होती म्हणून चार. वर्ष संपता संपता माळ्यावर तेवीस डबे होते, आणि जोडलेली विमानं मोजून दोन. एकाला चार महिने धरले तर माळा रिकामा व्हायला सात वर्षं आठ महिने हवेत. त्यात मोतीबिंदू धरलेला नाही. "आता माझ्या साड्यांबद्दल बोलायचा तुमचा हक्क गेला," असं सौभाग्यवतींनी एका वाक्यात या विषयाचा निकाल लावला. त्यांना कसं सांगू की न उघडलेल्या डब्यातलं विमान कधी शेपटीवर बसत नाही? माळ्यावरची तेवीसही विमानं निर्दोष आहेत.

नानांच्या नॅटचं काम सुरू झालं. जोडल्यावर ते जेमतेम साडेबारा सेंटिमीटर भरतं, बॉलपेनहून थोडं आखूड. नाकात जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचे छर्रे भरले. शिवणी लांबीनं बुजवल्या, पॉलिश पेपरनं घासल्या. सगळं काम रात्री जेवणाच्या टेबलावर. चिमट्यातून भाग निसटला की तो कुठं जातो हे कोणत्याही शास्त्राला सांगता आलेलं नाही. पंखाखालची एक झडप मी बॅटरी घेऊन तीन दिवस जमिनीवर शोधली, आणि ती सापडली गणपतीत सोफा हलवल्यावर, म्हणजे दुसरी करून बसवल्यावर.

आणि मग ती खुर्ची. वैमानिकाची खुर्ची पुढल्या पिढीच्या कुणा मुंगीसाठी असावी अशी सात तुकड्यांत दिलेली होती. तिचे पट्टे वेगळे, डोकं टेकायची उशी वेगळी. दोन संध्याकाळी मी त्या सात तुकड्यांपैकी पाच माझ्या अंगठ्याला चिकटवण्यात घालवल्या. समारंभ चार दिवसांवर आला. शेवटी खुर्ची बाजूला ठेवली आणि नुसतं काचेचं झाकण बसेल कसं ते बघू म्हणून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला. या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरकी धरते, हे मला सकाळी समजलं. हिवाळ्यात एस्टीची काच धरते तसं झाकण आतून धुरकटलं होतं, आणि पक्कं बसलंही होतं.

अशा वेळी माणसाला जी अक्कल सुचते ती पुण्यकर्मासाठी कधी सुचत नाही. उन्हात उभ्या विमानाच्या झाकणावर ताडपत्रीचं कव्हर घालतात, असा फोटो मी पाहिला होता. मी टिश्यूपेपर पातळ गोंदात भिजवला, त्या धुरकट झाकणावर नेसवला, वाळल्यावर खाकी रंग दिला, शिवणदोऱ्यानं बांधला. सुरेख दिसू लागला. आत आता काहीही दिसायचा प्रश्न नव्हता. खुर्चीचे सात तुकडे मी काडेपेटीत टाकले.

समारंभ थाटात झाला. नानांनी डबा उघडला आणि त्यांचा हात थांबला.

"कव्हर घातलंस!" ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "अंबाल्याच्या उन्हात हे घालायचोच आम्ही. नाहीतर आत बसवेना. तुला कुणी सांगितलं हे?"

मी नम्रपणे हसलो.

"आत खुर्ची आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

नाना एवढ्यावर थांबते तर हा लेख झाला नसता. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. वायुदलात फॉर्म ७०० म्हणून एक रजिस्टर असतं, प्रत्येक विमानाचं स्वतंत्र. ज्यानं जे काम केलं त्यानं त्यात सही करायची. उड्डाणाआधी वैमानिक ते बघतो, स्वतःची सही करतो, आणि ज्यांना त्यानं कधी धड पाहिलेलंही नसतं अशा चारपाच माणसांच्या सह्यांवर विसंबून वर जातो. नानांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वहीत रकाने आखले. नाकातलं वजन. चाकं. खुर्ची. "कर सही," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी तीन सह्या केल्या.

सह्यांवरून त्यांना एक जुनी आठवण आली. एका संध्याकाळी त्यांनी शेपटीकडच्या एका बोल्टच्या लॉकिंग वायरसाठी सही केली. पॅनल बंद झालं होतं, वायर सोबत्यानं घातली होती, त्यांनी डोळ्यांनी बघितली नव्हती. रात्री ते बराकीतून उठून हँगरवर गेले, चीफला उठवलं, शिव्या खाल्ल्या आणि पॅनल उघडायला लावलं.

"वायर नव्हती?" कुणीतरी विचारलं.

"होती की. व्यवस्थित होती."

"मग?"

"मग काय? जाऊन झोपलो."

पाहुणे हसले. मी बासुंदीची वाटी खाली ठेवली.

त्या रात्रीपासून माझा स्वतःशी जो वाद सुरू झाला तो एखाद्या न्यायालयात चालला असता तर वकील गबर झाले असते. माझी बाजू भक्कम होती. खऱ्या नॅटमध्ये ऑर्फियस इंजिन असतं, माझ्यात नाही. पेट्रोल नाही, तारा नाहीत, चाकं फिरत नाहीत. सगळं विमानच जर खोटं, तर एका खुर्चीचा एवढा बाऊ कशाला? आमच्या दिवाळीच्या किल्ल्याची दर्शनी बाजू बघून आळी माना डोलवायची, आणि भिंतीकडच्या बाजूला फुटक्या विटा, पोती, चेपलेली बादली आणि एकदा तर आजोबांच्या चपलासुद्धा होत्या. कुणाच्या झोपेवर त्याचा परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही. रंगारी कपाटामागच्या भिंतीला रंग देत नाही, तो काय जागरणं करतो?

पण दुसरी बाजूही गप्प बसेना. माझी आई कुणाचंही भरतकाम हातात आलं की आधी उलटं करून बघायची. पुढून सगळ्यांचंच चांगलं असतं, बाई कशी आहे ते मागून कळतं, असं तिचं मत. आणि रंगाऱ्याचं म्हणाल तर कपाट कधीतरी हलतं. नाकातलं वजन न भरलं तर विमान सगळ्यांदेखत शेपटीवर बसतं. तिथं प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही. पडण्याच्या भीतीनं भरलेले छर्रे म्हणजे फार तर भौतिकशास्त्र. माझ्या खुर्चीचं तसं नव्हतं. ते कव्हर कधी निघणार नव्हतं. नाना गेल्यावर, मी गेल्यावर, कुणा नातवानं ते विमान रद्दीत घातल्यावरसुद्धा ही गोष्ट जगात कुणाला कळणार नव्हती. राहता राहिला देव. पण त्याला एवढ्या मोठ्या कारभारातून एक बहात्तरांश खुर्ची तपासायला सवड असेल असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

"तुम्ही कूस बदलताय की कणीक मळताय?" तिसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"विमानात इंजिन नाही, ते चालतं?" त्या म्हणाल्या.

"इंजिन आहे असं मी कुठं म्हटलंय?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मीच उठून बसलो. खुर्ची नसणं हा गुन्हा नव्हताच. इंजिनाच्या शेजारी तीही नसली असती, बिचारी. गफलत विमानात नव्हती, मी "आहे" म्हणालो तिथं होती.

"मग सकाळी जाऊन 'नाही' म्हणून या," सौभाग्यवती म्हणाल्या आणि दोन मिनिटांत घोरू लागल्या.

माणसाचा स्वभाव बघा. एका शब्दाचं काम होतं, मधे एक जिना. ते न करता मी नानांकडे गेलो आणि म्हणालो, "नाना, चाक जरा तिरकं बसलंय, दोन दिवस विमान देता का?" आणि ते घरी आणून नऊ रात्री काम केलं. कव्हर फाडलं. झाकण पात्यानं उचकटलं, त्याला तडा गेला. काडेपेटीतले सात तुकडे मोजले तर सहा निघाले, उशी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या तुकड्याची केली. पट्टे चहाच्या पुडीतल्या चंदेरी कागदाचे. खुर्ची बसली. तिला काळा रंग दिला, उशीला तांबडा, आणि दिव्याखाली धरून ती मी बराच वेळ बघितली. बघणारा मी पहिला आणि शेवटचा. मग पुन्हा तेच झाकण, पुन्हा टिश्यूपेपर, खाकी रंग, शिवणदोरा. बाहेरून विमान हुबेहूब पूर्वीसारखं झालं. नऊ रात्रींच्या कामाचा मागमूससुद्धा नव्हता.

दहाव्या दिवशी मी ते नानांच्या टेबलावर ठेवलं. नानांनी चष्मा लावला, वाकून चाकं पाहिली, एक एक करून तीनही. मग कपाटातून वही काढली, नवं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं.

"काय काम केलंस? चाक?"

मी पेनकडे पाहिलं.

"नाना, चाकाचं राहू द्या," मी म्हटलं. "खुर्ची लिहा."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मागचं पान उलटलं, तिथली माझी सही पाहिली, आणि पुन्हा नव्या पानावर येऊन पट्टी धरून एक ओळ आखली. वही माझ्यापुढं सरकवली.

"तारीख आजची घाल," ते म्हणाले.